वरचा दात

“वरचा! मॅडम, वरचा!”

मी असा काही ओरडलो, की शेजारच्या खोलीत कवळ्यांचे साचे ओतणारा माणूस धावत आला आणि कुठं काय पेटलं म्हणून विचारून गेला. पेटलं काहीच नव्हतं. माझ्या हातातल्या प्लॅस्टिकच्या ताटलीत छोटे छोटे खळगे होते, आणि त्यातल्या एका खळग्यातलं पाणी बघता बघता हळदीसारखं पिवळंधमक होत चाललं होतं. शेजारच्या खळग्यातलं मात्र फिकटच राहिलं होतं. पिवळा खळगा वरच्या हिरडीचा, फिकट खालच्या हिरडीचा, आणि दोन्हीतली लाळ माझ्या सख्ख्या भाच्याची, आठ महिन्यांच्या प्रज्वलची.

“हलवू नकोस,” उल्का मॅडम म्हणाल्या. चष्मा कपाळावर चढवून त्या ताटलीवर ओणवल्या. “दिगंबर, वरची काडी खाली आणि खालची वर, असा काही घोळ तर नाही ना घातलास?”

“आईशप्पथ नाही, मॅडम.”

“मग तुझ्या भाच्यानं कमाल केली!” असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. डॉक्टरीणबाई, वयानं पन्नाशीच्या, पण त्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत असल्यासारख्या दिसत होत्या.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. मिरजेच्या दातांच्या कॉलेजात मी तेव्हा मॅडमच्या हाताखाली होतो. नोकरी हंगामी. काम काय, तर तान्ह्या पोरांची लाळ गोळा करणं. कॉलेजातले लोक आम्हा दोघांना तोंडावर लाळघोटे म्हणायचे, आणि आम्ही हसून साजरं करायचो. दात हिरडी फोडून बाहेर यायचा, तर आधी आत त्याच्या डोक्यावरचं हाड विरघळून वाट मोकळी व्हावी लागते. ही खोदाई सुरू झाली की तिची खूण लाळेत उतरत असणार, असं मॅडमचं म्हणणं. ती खूण पकडता आली, तर हिरडी वरून गुळगुळीत असतानाच सांगता येईल, की अमुक आठवड्यात दात येतोय. आणि कधी ती खूण मिळालीच नाही, तर दात का येत नाहीत त्याचा शोध वेळेवर घेता येईल. वरच्या हिरडीला एक स्पंजची काडी, खालच्या हिरडीला दुसरी. ओली झाली की नळीत, नळी बर्फात. लांबच्या वस्त्यांवरच्या आयांना आम्ही शिकवून ठेवलं होतं. त्या घरीच काड्या भरायच्या आणि दूध संघाच्या गाडीबरोबर बर्फाची पेटी पाठवून द्यायच्या.

गंमत अशी, की बहुतेक पोरांचा खालचाच दात आधी येतो. पुण्याच्या ज्या समितीच्या हातात आमच्या कामाचं जगणं-मरणं होतं, तिच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी मागच्या खेपेला मॅडमना सगळ्यांसमोर विचारलं होतं, “बाई, खालचा दात येणार हे माझी बायकोसुद्धा सांगते. तुमच्या यंत्राची गरज काय?” ते मॅडमना फार लागलं होतं. महिन्याभरानं समिती पुन्हा यायची होती. त्या वेळी चुणूक दाखवता आली नाही, तर काम बंद आणि माझी नोकरीही बंद. आणि अशात माझा भाचा वरचा दात आधी काढायच्या बेतात होता! मॅडमनी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं, पुढं आठवडा लिहिला, ‘वरचा’ लिहिलं आणि भोवती खडूनं मोठं गोल केलं. मला घरी जाईपर्यंत दम निघेना.

घरी आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसूनच तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. मग ती पुन्हा थापायला लागली, पण ती भाकरी काठाला फाटली. आईची भाकरी फाटलेली मी त्या आधी कधी पाहिली नव्हती.

“खालचाच येऊ दे की रे,” ती एवढंच म्हणाली आणि उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिथं भिंतीवर तिच्या भावाचा, गुंडूमामाचा, फोटो होता. मामा तरुणपणी गेला, एवढंच मला ठाऊक. आई त्याच्याबद्दल बोलायची नाही. त्याच्या वर्षश्राद्धाला मला दर वेळी काही तरी काम काढून बाहेर पाठवायची. मला वाटायचं, तिला एकटीनं रडायचं असेल.

रविवारी पेढे घेऊन मी शालनताईकडं गेलो. तिचं घर मिरजेपासून तासाभरावर, दाजींच्या पानमळ्याला लागून. पानमळ्यात उन्हाळ्यातही गारवा असतो. ताई ओट्यावर प्रज्वलला मांडीवर घेऊन बसली होती, गळ्यात लाळेरं बांधलेलं आणि ते ओलंचिंब. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“ताई, तुझ्या पोराचा वरचा दात आधी येणार! लिहून घे!”

ताईनं इकडंतिकडं पाहिलं. “हळू बोल की! काय गाव गोळा करतूस?”

“गोळा होऊ दे! सगळ्यांच्यात एकटाच निघालाय असा. पेपरात नाव येईल त्याचं.”

“दिगू, वरचा दात मामाला जड अस्तोय, तुला म्हाईत न्हाई?”

“किती जड? मी पासष्ट किलोचा आहे. एवढासा दात मला पेलणार नाही होय?”

मी माझ्याच विनोदावर हसलो. ताई हसली नाही. एरवी ती माझ्या कुठल्याही फालतू विनोदाला हसते. तिनं पेढा घेतला, तो हातातच धरून ठेवला आणि पोराला छातीशी घेऊन आत गेली.

पुढच्या पेटीत प्रज्वलची काडी आली, मी ताटली लावली, आणि खळग्यात काहीच पिवळं होईना. वरचा फिकट, खालचा फिकट. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी रसायनं बदलली, ताटली बदलली, पिवळेपणा मोजणारं यंत्र पुसून पुसून त्याची पाटी निघायची वेळ आली. बाकी सगळ्या पोरांचे आकडे शहाण्यासारखे वागत होते. माझ्याच घरचं पोर उलटलं होतं.

“एकदा चढलेलं असं खाली येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे आकडे तर चार महिन्यांच्या बाळाचे वाटतात. बाळ मागं कसं जाईल?”

ताईला जाऊन भेटावं, तर तेही जमेना. शेजारच्या दुकानात फोन केला की निरोप यायचा, बाळाला खोकला आहे, येऊ नकोस. मग बाळाला गोवर आला. मग ताईच्या सासरी पाहुणे आले. समितीचा दिवस उजाडला तरी मी भाच्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मॅडम फळ्यासमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. खडूचं गोल तसंच होतं, आणि त्यात लिहिलेला आठवडा नुकताच सरला होता.

“पुसू का?” मी विचारलं.

“नाही. जे झालं ते त्यांना दाखवायचं. चुकलं तर चुकलं म्हणायचं.” त्यांचा आवाज मात्र खाली आला होता.

मला ते बघवेना. “मॅडम, तुमची गाडी द्या. समिती दुपारी येणार आहे ना? मी त्याच्या तोंडात बघून येतो.” त्यांनी किल्ली माझ्याकडं भिरकावली.

मी गाडी कशी हाणली ते मलाच ठाऊक. दाजींच्या दाराला कडी होती. शेजारच्या छबूच्या घरातून ताईचा आवाज येत होता, म्हणून मी सरळ आत शिरलो. छबू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. आणि माझी बहीण आमची स्पंजची काडी त्या पोरीच्या तोंडात धरून लाडीगोडी लावत होती, “आऽ कर बाई, आऽ कर. मामाच्या पेटीत जायचं हाय न्हवं?”

मला बघून ताईच्या हातातली काडी खाली पडली.

“ही पोरगी किती महिन्यांची?” मी विचारलं.

“चौथा सरत आलाय की,” छबू म्हणाली. तिला बिचारीला वाटलं मी चौकशी करतोय.

मी ओरडलोच. “चार महिने! मॅडम चार महिनेच म्हणाल्या होत्या! ताई, अगं, आमचं यंत्र बरोबर आहे!” मला राग यायला हवा होता. पण मला इतका आनंद झाला, की मी ताईचे दोन्ही खांदे धरून तिला हलवलं. मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. “मग प्रज्वलची काडी का नाही पाठवलीस? ताई... आला? वरचा आला?”

ताई उठली आणि परकर-साडी सावरत पळत सुटली. मी तिच्या मागं. ती आपल्या घरात शिरली, पाळण्यातून पोराला उचललं आणि मागच्या दारानं पानमळ्यात घुसली. वेलींच्या दोन रांगांतून माणूस जेमतेम मावतं. ती पुढं, तिच्या खांद्यावरून प्रज्वल माझ्याकडं बघतोय, आणि त्याचं लाळेरं तिनं नाकापर्यंत वर ओढून बांधलेलं, एखाद्या छोट्या दरोडेखोरासारखं. पोराला हा खेळच वाटला. तो लाळेऱ्याआडून खिदळायला लागला.

मळ्याच्या टोकाला वाट संपली. ताई वळली, धापा टाकत.

“म्होरं येऊ नगंस, दिगू! तुला माझी आन हाय. दाताची शांत केल्याबिगार मामानं त्येचं तोंड बघायचं न्हाई.”

“कधी आला?”

“गेल्या मंगळवारी.”

“मंगळवारी!” फळ्यावरच्या गोलातलाच आठवडा. मी वेलींच्या मध्येच एक उडी मारली. “अगं, मॅडमनी हेच लिहिलंय! हाच आठवडा! दाखव, ताई, एकदाच. तिकडं समिती येऊन बसेल. चल, तूच चल पोराला घेऊन.”

“मला तुझी समिती नगं, तू पायजेस!” ती रडायला लागली. “म्हणून छबूच्या पोरीचं पाठवत हुते. मला वाटलं, तुम्हाला कळलंच न्हाई, तर तू हिकडं यायाचा न्हाईस. बघायचा न्हाईस.”

“असल्या गोष्टी तू कधीपासून मानायला लागलीस? बारावी शिकलीस ना तू?”

“मी पाच वर्साची हुते, दिगू. मी बघितलंय.”

“काय बघितलंस?”

तिनं पोराला घट्ट धरलं. मग ती इतकं हळू बोलली, की मला ते ऐकू यायला दोन पावलं पुढं जावं लागलं.

“तुझा बी वरचाच आधी आला हुता. गुंडूमामा आला, तुला वर फेकून झेललं, तुझ्या तोंडात बोट घालून दात बघितला आन् म्हणाला, चावतंय बेनं! त्याच आठवड्यात हिरीवर मोटर चालू कराय गेला आन् करंटनं चिकटला. आईनं सगळ्यांस्नी आन घातली, हे पोराला कुणी सांगायचं न्हाई. म्हणून तर वर्षश्राद्धाला तुला घरात ठेवत न्हाई ती. कुणी तुझ्यासमूर काय बोलंल म्हणून.”

मी खालीच बसलो, ओल्या मातीत. फाटलेली भाकरी आठवली. आईनं दर वर्षी त्या एका दिवशी मला काढून दिलेली कामं आठवली. दळण टाकून ये, रॉकेलच्या रांगेला उभा राहा. सव्वीस वर्षं ती बाई मला माझ्याच एका दातापासून सांभाळत होती.

“म्हणजे मामाला मी खाल्लं?”

“असं बोलू नगंस!” ताई जवळजवळ किंचाळली. “तू काय केलंस? दहा म्हयन्याचं लेकरू तू! मोटरचं वायर उघडं हुतं, सारी किती दिस म्हणत हुती बदला म्हणून.”

“वायर उघडी होती?”

“हुतीच की.”

“मग माझ्या दाताचा काय संबंध?”

ताईनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचं तिलाच ऐकू आलं होतं. मी उठून तिच्यासमोर गेलो. पोरानं लगेच माझ्याकडं हात केले.

“ताई, मी आज गाडीवरून येताना पडलो असतो, तर तू कुणाकडं बघितलं असतंस? मॅडमच्या गाडीकडं, की ह्याच्याकडं? मी कधी ना कधी मरणारच. आज नाही, चाळीस वर्षांनी मरेन. तेव्हाही तू मनात म्हणशील, ह्याचा दात. आईनं माझ्यापासून लपवलं. तू ह्याच्यापासून लपवणार. त्यापेक्षा मला बघू दे. एकदा बघू दे, आणि मला काही होत नाही ते रोज बघत बस.”

पानमळ्यात वाऱ्यानं पानं सळसळत होती. ताईनं नाक ओढलं. मग तिनं डोळे गच्च मिटले आणि डोळे मिटूनच लाळेऱ्याची गाठ सोडली.

प्रज्वल हसला. वरच्या गुलाबी हिरडीत, बरोबर मध्ये, तांदळाच्या कणीएवढं पांढरं काही तरी चमकलं. मी बोट आत घातलं. कडक, धारदार, खरं! त्यानं जोर लावून चावा घेतला.

“चावतंय बेनं!” मी ओरडलो.

हे शब्द कुणाचे, ते माझ्या तोंडून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ताईनं डोळे उघडले. मी उभा होतो, बोट पोराच्या तोंडात, डोळ्यांतून पाणी, आणि हसतोय. मग तीही हसायला लागली. रडत होती आणि हसत होती.

दाजी मळ्याच्या त्या टोकाहून आले. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, “बघितला?”

“बघितला!”

“लई बरं झालं. पंधरा दिस झालं घरात कुजबुज, मला झोप न्हाई. काढू का गाडी?”

दाजींच्या मोटारसायकलवर ताई आणि प्रज्वल, पुढं मॅडमच्या गाडीवर मी. आम्ही कॉलेजच्या जिन्यात पोचलो, तेव्हा वर मॅडम समितीला सांगत होत्या, की हा एक नमुना मात्र आमच्या अंदाजाशी जुळत नाही. मी दार ढकललं. “जुळतोय, मॅडम!” पुढं मला जे बोलायचं होतं ते सगळं एकदम बोलायला लागलो, आणि कुणालाच काही कळेना. शेवटी ताईनंच पदर सावरला आणि स्पष्ट सांगून टाकलं, “काड्या मी बदलल्या. शेजारच्या पोरीच्या पाठवल्या. तुमच्या बाईंचं काय चुकल्यालं न्हाई. आला त्यो वरचाच आला, मंगळवारी आला.”

अध्यक्ष म्हातारे उठून जवळ आले. “म्हणजे लाळ दुसऱ्या बाळाची आहे, हे तुमच्या यंत्रानं ओळखलं होतं?”

“यंत्रानं ओळखलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “आम्हीच ओळखलं नाही.”

म्हाताऱ्यांनी बोट पुढं केलं आणि प्रज्वलनं त्यांनाही सोडलं नाही. काम चालू राहिलं. मॅडमनी ते गोल फळ्यावरून पुसू दिलं नाही. खोलीला रंग लागला तेव्हाही तेवढा फळा तसाच ठेवला.

पण मला त्या दिवसाचं आठवतं ते संध्याकाळचं. ताईला आणि पोराला घेऊन मी घरी आलो. आई दारातच होती. प्रज्वल तिच्याकडं बघून तोंड भरून हसला, आणि आईला तो दात दिसला. तिनं झटकन माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं, हातापायांकडं, जणू मोजून घेतेय सगळं जागेवर आहे का.

“मी बघितला, आई,” मी म्हणालो. “आणि मला ताईनं सांगितलं. सगळं सांगितलं.”

आई उंबऱ्यावर बसली. मी तिच्या पायाशी बसलो. आमच्याकडं पहिल्या दाताला मामानं चांदीची वाटी आणायची रीत आहे, तेवढी मला एकदम आठवली.

“आई, मामानं मला वाटी आणली होती का गं?”

आई उठून आत गेली. लाकडी पेटीचं झाकण वाजलं. ती आली तेव्हा तिच्या हातात जुन्या खणात गुंडाळलेलं काही तरी होतं. वाटी काळी पडली होती, आत इवलासा चमचा. कुणी एकदाही वापरलेली नव्हती.

तिनं ती चुलीतल्या राखेनं घासली. घासत राहिली. हळूहळू आतून पांढरं उजळायला लागलं. मग तिनं तीत दूधभात कालवला, वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मामा हायस न्हवं तू? भरव की.”

मी चमचा प्रज्वलच्या तोंडात घातला.

टक्.

“आईगंऽ, वाजला!” ताई टाळ्या पिटत ओरडली. आईनं मात्र भिंतीवरच्या फोटोकडं तोंड केलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलताना तिनं मला बाहेर पाठवलं नाही.

“गुंडू,” ती म्हणाली, “ऐकलंस न्हवं? वाजला रं.”